टायपिंग करताना मनगट दुखू नये म्हणून

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीच्या दुकानात एकच माणूस सकाळी मराठी लग्नपत्रिका लावतो आणि दुपारी कन्नड अर्ज टाइप करतो. संध्याकाळी मनगट ठणकायला लागलं की दोष माउसला. नवा माउस घ्यायच्या आधी टेबल मोजा.

साधं टेबल अडीच फुटांचं असतं. वहीत लिहायला ठीक, टायपिंगला उंच. खांदे सैल सोडून कोपर काटकोनात आणा. हात येतील त्या उंचीवर कीबोर्ड हवा. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्या आणि पायांखाली पाट ठेवा.

मग कीबोर्डच्या मागचे दोन पाय मिटवा. ते उभे असले की मनगट वर दुमडतं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) आणि एक मोठी नस (मज्जातंतू) जाते. मनगट दुमडलं की तिच्यावर दाब येतो. टाइप करताना कुणाला तरी हाताच्या पाठीवर फूटपट्टी धरायला सांगा. मनगटापाशी खळगा दिसला तर अजून फरक करायला हवा.

आता शिफ्टची कळ. इकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, पण मला खरी गोम इथेच वाटते. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कळांच्या मांडणीत, क वर शिफ्ट धरली की ख, त वर धरली की थ. ही अक्षरं उजव्या हाताची, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीने धरा. आ, ई, ऊ डावीकडे, त्यांना उजवी शिफ्ट. दोन्ही कळा एकाच हाताने दाबल्या की मनगट तिरकं होतं. मराठी आणि कन्नड दोन्ही करत असाल तर दोन्हींना इन्स्क्रिप्टच ठेवा. क ची कळ तीच राहते, बोटांना दोन सवयी लागत नाहीत.

माउस कीबोर्डला चिकटून ठेवा आणि कोपरापासून हलवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कॅडवर (संगणकावर यंत्रभागांची चित्रं काढायला) बसणाऱ्यांनी आकड्यांचा भाग नसलेला छोटा कीबोर्ड घ्यावा, माउस आपोआप जवळ येतो. मनगटाखालची उशी थांबल्यावर टेकायला, टाइप करताना नाही. अर्ध्या तासाने प्रिंट निघेपर्यंत तरी हात खाली सोडा.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, तर बाम चोळत बसू नका. मधुमेह, थायरॉईड किंवा गरोदरपणात हे जास्त दिसतं. डॉक्टर बहुधा रात्री बांधायला मनगटाचा पट्टा देतात. चहाचा कप हातातून निसटू लागला, तर त्याच आठवड्यात दाखवा.