पुन्हा सायकल काढताय? पाना हातात घ्या

हेल्मेट, पाण्याची बाटली, पुढचा-मागचा दिवा. यावर बोलायला नको. चाळिशी उलटली असेल, बीपी-शुगर असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून या. यावर तर वादही नको.

आता सीट. सीटची उंची. गेल्या वेळी मी बाकी सगळं आणलं आणि नेमकं हेच बघितलं नाही. बारा वर्षं खुर्चीत बसून ब्याण्णव किलो झालेल्या माणसाला सायकलवर एकच भीती असते, पडण्याची. म्हणून दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील इतकी सीट खाली घेतली आणि पहिल्याच रविवारी पुण्यातल्या राजाराम पुलापासून खडकवासल्याच्या चौपाटीवर जाऊन आलो. साधारण २५ किलोमीटर, वर कांदाभजी. तिसऱ्या आठवड्यात जिना उतरताना कठडा धरायची वेळ आली. पुढे सात महिने सायकलवर टॉवेल वाळत होते.

तर भिंतीला धरून सीटवर बसा, एक पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा. चालवताना पेडलवर चवडा असतो, त्यामुळे गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो, २५-३० अंश. तेवढाच हवा. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा जास्त मुडपतो, वाटीवर दाब येतो आणि पुढून दुखतं. फार वर असली की कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि मागून दुखतं. माप अनवाणी घेऊ नका, ज्या बुटांत चालवणार ते घालून घ्या. सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती बाहेर दिसेपर्यंत दांडा ओढू नका.

‘पण मग पाय टेकत नाहीत!’ नाहीच टेकणार. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं. नळीखालून पाय घालून सायकल शिकलेल्या पिढीला हे नव्याने शिकावं लागतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा वेळा करा, वॉचमन हसला तर हसू द्या.

आणि ते गुबगुबीत जेलचं कव्हर घेतलंत तर सीट पुन्हा मोजा. उंची बदलते. मुळात घेऊच नका, पॅडवाली चड्डी घ्या आणि ती आत दुसरं काही न घालता घाला.

हवा: किती भरायची ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं, अंगठ्याने दाबून अंदाज नको. गिअर हलका ठेवा. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत १८-२० वेळा वर यायला हवा. त्याहून कमी म्हणजे गिअर जड आहे आणि तुम्ही ताकद दाखवताय. कुणाला?

पहिले दोन आठवडे दिवसाआड अर्धा तास, सपाट रस्त्यावर, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगात. कंटाळा येईल. येऊ द्या. दम लवकर सुधारतो, पण गुडघ्याच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, जास्त वेळ लागतो, आणि या मधल्या आठवड्यांतच माणूस माजतो. मी माजलो होतो, तेही खालच्या सीटवर.

दुसऱ्या महिन्यात खडकवासला. मग सिंहगडाचा पायथा, फक्त पायथा. कात्रजचा जुना बोगदा त्यानंतर कधीतरी, ग्रुपवाले कितीही ओढू देत. वजनकाटा महिन्यातून एकदा. भजी तुमचं तुम्ही बघा.

योग्य उंची सापडली की दांड्यावर त्या जागी चिकटपट्टी लावा. सर्व्हिसिंगहून आली, पट्टी बघा. पोराने चक्कर मारली, पट्टी बघा. परवा माझीच सीट दोन बोटं खाली निघाली.