जुना मी, नवा मी एकाच फोटोत : या चुका टाळा

अर्धा चेहरा कॉलेजातला, अर्धा आजचा. किंवा आजचे तुम्ही आणि तिशीतले तुम्ही एकाच बाकावर शेजारी शेजारी. साठीच्या वाढदिवसाला, शाळेच्या स्नेहमेळाव्याला असे फोटो हौसेने केले जातात आणि बरेचसे चिकटवल्यासारखे दिसतात. मग खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. खरी गोम त्याच्या आधीच असते : नवा फोटो काढताना जुना समोर धरलेलाच नसतो. जुन्या फोटोचा कॅमेरा, उजेड, कागद सगळं ठरून गेलंय. तिथे काही हलणार नाही. जुळवून घ्यायचं ते नव्याने.

सेल्फी काढू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या स्टुडिओत काढलेल्या फोटोत फोटोग्राफर तुमच्यापासून सहा-आठ फुटांवर उभा होता. सेल्फीत कॅमेरा हातभर अंतरावर येतो. एवढ्या जवळून नाक मोठं होतं, कान मागे दडतात, चेहरा निमुळता दिसतो. हा फरक अंतरामुळे पडतो, लेन्समुळे नाही, त्यामुळे नंतर कितीही ताणलं-दाबलं तरी तो पुरता जात नाही. फोन ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर सहा फूट लांब ठेवा, मागचा कॅमेरा वापरा, टायमर लावा. चेहरा फ्रेममध्ये लहान आला तरी हरकत नाही, कापून घेता येतो. ब्युटी मोड मात्र आठवणीने बंद करा.

कॅमेऱ्याची उंची कानांवरून कळते. मान सरळ आणि कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत असेल तर कानाचा वरचा काठ साधारण भुवईच्या आसपास दिसतो. कान वर चढलेले दिसले तर कॅमेरा उंचावर होता किंवा मान खाली होती. जुन्या फोटोत हे बघा आणि तसेच बसा. उजेडाची दिशा नाकाच्या सावलीवरून ओळखा. डोळ्यांच्या बाहुल्यांतले चमकते ठिपकेही बोलतात : दोन असतील तर दोन्ही बाजूंनी दिवे होते. एकच, वरच्या कोपऱ्यात असेल, तर पांढरा पडदा ओढलेली खिडकी बहुतेक वेळा पुरते.

उलटा चेहरा

फोनवर फ्रंट कॅमेऱ्यात दिसतो तो आरशातला चेहरा. काही फोन तो तसाच साठवतात, काही सुलटा करून. जुन्या निगेटिव्हही उलट्या बाजूने स्कॅन होतात. भांग कुठे आहे यावर विसंबू नका, भांग माणूस बदलतो. शर्टाचा खिसा डाव्या बाजूला असतो, साडीचा पदर बहुधा डाव्या खांद्यावर, चमकी आपल्याकडे बहुधा डाव्या नाकपुडीत. निगेटिव्ह असेल तर तिच्या कडेची अक्षरं आणि आकडे सुलटे वाचता यायला हवेत. हे न बघता जोडकाम सुरू केलं तर ‘काहीतरी चुकतंय’ एवढंच जाणवत राहतं आणि काय चुकतंय ते सापडत नाही.

शनिवारवाड्यासमोर पुन्हा उभे राहताना

जुन्या जागी जाऊन नवा फोटो काढायचा असेल तर जागेइतकाच मोसम पाहा. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने त्याच्या दर्शनी बाजूला थेट ऊन पडत नाही. मेच्या मध्यावर भर दुपारी पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या आणि हनुवटीखाली घट्ट सावली. म्हणजे जुना फोटो दिवाळीच्या सुट्टीतला असेल आणि तुम्ही मेमधल्या दुपारी गेलात, तर दगड एक सांगेल आणि चेहरा दुसरंच. थांबता येत नसेल तर ढगाळ दिवस निवडा. पावसाळ्यात पुण्यात त्यांची वानवा नाही.

स्कॅनमध्ये काटकसर

पासपोर्ट फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा. 300 डीपीआयवर (दर इंचाला 300 ठिपके) स्कॅन केला तर जेमतेम 413 बाय 531 पिक्सेल मिळतात. 8 बाय 10 इंची प्रिंटला 2400 बाय 3000 लागतात. इतका छोटा फोटो 2400 डीपीआयवर घ्या, पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला 600 पुरे. फाइल टिफ प्रकारात ठेवा, त्यात तपशील गळत नाही. भावाकडून मागवणार असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर येईपर्यंत त्यातला अर्धा तपशील गेलेला असतो.

खरखरीत, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ठशाचा कागद असेल तर स्कॅनमध्ये चेहराभर जाळी उमटते. फोटो एकदा सरळ आणि एकदा 180 अंशात फिरवून स्कॅन करा, फोटो सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही स्कॅन लेयर, म्हणजे थर, म्हणून एकावर एक नेमके जुळवा, वरच्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) 50 टक्के करा. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, त्यामुळे उंचवट्यांच्या सावल्या उलटसुलट होऊन बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. दमटपणाने फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढू नका. काचेसकट, खिडकीच्या तिरप्या उजेडात, गडद कपडे घालून कॅमेऱ्याने टिपा, म्हणजे तुमचंच प्रतिबिंब त्यात येणार नाही.

रंग आणि दाणा

सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कितीतरी रंगीत प्रिंट आज लालसर झालेत, कारण त्यांतला निळसर सायन रंग आधी उडतो. कर्व्ह्जमध्ये (उजेड-अंधार बदलणारी रेषा) फक्त लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाचा हिस्सा, उघडून रेषेचं गडद टोक आत सरकवलं की सावल्या बऱ्याच सुधारतात. तरीही माझं मत विचाराल तर दोन्ही फोटो कृष्णधवल करा, निम्मी कटकट मिटते. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमराव सिंग शेरगिल यांनी आयुष्यभर स्वतःचे फोटो काढले आणि त्यांचे नातू, चित्रकार विवान सुंदरम यांनी 2001 पासून त्या कौटुंबिक संग्रहातून डिजिटल जोडचित्रं रचली. तीही कृष्णधवलच.

नव्या फोटोतला काळा फार काळा असतो, जुन्यातला राखाडी. नव्याचा काळा वर उचला, म्हणजे थोडा राखाडी करा. मग तीक्ष्णपणा : फोनमध्ये भुवईचा केसन्‌केस मोजता येतो, जुन्यात भुवई हा एक पट्टा असतो. लोक जुन्याला मोठं आणि धारदार करायला जातात, ते उलटं आहे. नव्याला जुन्याच्या आकारावर आणा, किंचित ब्लर द्या आणि त्यानंतर नॉईज (बारीक ठिपके) घालून जुन्या फोटोसारखा दाणा आणा. क्रम बदललात तर दाणाच पुसला जाईल.

एक बटण दाबून जुना चेहरा ‘स्वच्छ’ करणारी एआय अ‍ॅप इथे वापरू नका. धूसर फोटोत जो डोळा दिसतच नाही तो ती बनवून देतात. दातही देतात. फोटो सुंदर होतो, पण तो तुमचा राहत नाही.

जोडताना

फोटोशॉप नसलं तरी अडत नाही. गिंप फुकट आहे, फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं. नवा लेयर वर, अर्धा पारदर्शक, आणि बुबुळावर बुबुळ. मोठेपणी दोन डोळ्यांतलं अंतर जवळजवळ बदलत नाही, तोच तुमचा भरवशाचा आधार. लहान-मोठं करा, फिरवा, पण एका अंगाने ताणू नका. हनुवटी आणि कान जुळले नाहीत तर जुळवू नका, वय तिथेच तर दिसायला हवं. बालपणीचा फोटो असेल तर अर्धा-अर्धा चेहरा हा बेतच सोडा. मुलांचं कपाळ मोठं, डोळे खाली असतात, निकाल भीतीदायक येतो. त्याला शेजारी बसवा.

इरेझरने खोडू नका, लेयर मास्क (लेयरचा भाग न खोडता नुसता झाकणारा पडदा) वापरा, म्हणजे चुकलं तरी परत आणता येतं. गालावर मऊ ब्रश, केसांच्या कडेला टणक. दोघे शेजारी उभे असतील तर पायाखालची सावली विसरू नका : टाचेला चिकटून गडद आणि रेखीव, लांब जाईल तशी फिकट आणि पसरट. ती नसली की माणूस तरंगतो.

छपाईला देताना लॅबमध्ये ऑटो करेक्शन बंद ठेवायला स्पष्ट सांगा. मशीन चेहरे उजळवतं आणि इतका वेळ लपवलेला सांधा उघडा पाडतं. आधी 4 बाय 6 ची एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघा, मोठी नंतर.