कुळागराचे शिंपण सुरू होण्याआधी सामायिक मायक्रोग्रीड तपासून घ्या

पाऊस ओसरला की गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या कुळागरांत पोफळींना पाणी देण्याचे दिवस येतात आणि ते थेट मे अखेरपर्यंत चालतात. शेजारच्या बागायतदारांनी मिळून सौर पॅनल, बॅटरी, जनरेटर आणि वीज खात्याची लाइन एकत्र जोडून मायक्रोग्रीड, म्हणजे स्वतःचे छोटे वीजजाळे, उभारले असेल, तर पहिला पंप सुरू करण्याआधी नियंत्रणाचे तिन्ही थर तपासा. सुरुवात खालून करा. बहुतेक जण आधी मोबाइलवरचे अ‍ॅप उघडून बघतात, पण पोफळी तगते ती तळच्या थरावर.

हा तळचा थर इन्व्हर्टरमध्येच असतो आणि क्षणार्धात काम करतो. भार वाढला की ५० हर्ट्झची वारंवारता किंचित उतरते. ती उतरलेली पाहून प्रत्येक इन्व्हर्टर आपापल्या ताकदीप्रमाणे जादा भार उचलतो. त्यासाठी त्याला इंटरनेट लागत नाही. पंप चालू असताना दोन्ही पडद्यांवरचे किलोवॅट वाचा. १० आणि ५ किलोवॅटचे इन्व्हर्टर असतील तर भाराची वाटणी साधारण दोनास एक हवी. धाकटाच तापत असेल, तर दोघांचे सेटिंग जुळलेले नाही. तंत्रज्ञाला तेव्हाच बोलवा.

खरी कसोटी मोटार सुरू होताना लागते. थेट स्टार्टरवर मोटार नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. ५ एचपीचे तीन पंप एकदम सुरू केले तर इन्व्हर्टर ट्रिप होणारच. एका पंपाने वेग घेतला की मगच दुसरा सुरू करा. मोटार हळूहळू वेगात आणणारा सॉफ्ट स्टार्टर बसवता आला तर उत्तमच.

मधला थर उतरलेली वारंवारता आणि व्होल्टेज काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात, पुन्हा जागेवर आणतो. वरचा थर दिवसाचे नियोजन करतो: कुणाची पाळी केव्हा, बॅटरी किती राखायची, लाइनवरून वीज कधी घ्यायची. पंपांच्या पाळ्या सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये बसवा. तेव्हा बॅटरी भरत आलेली असते आणि वापर नसेल तर सौर वीज कमी करावी लागते, म्हणजे ती फुकट जाते. जनरेटर शेवटी.

आता एक चाचणी तंत्रज्ञ समोर असताना जरूर करा. वरचे थर चालवणाऱ्या मुख्य कंट्रोलरची नेटवर्क केबल काढा आणि पंप चालवा. वीज टिकली पाहिजे. डोंगराकडेच्या वाड्यांत मोबाइलची रेंज येते-जाते. रेंज गेली म्हणून पाणी थांबत असेल तर ती मांडणीच चुकीची आहे. दुसरी चाचणी लाइन गेल्यावरची: तुमची वीज खात्याच्या तारेत उलटी जाता कामा नये. तिथे खांबावर माणूस काम करत असतो, त्याचा जीव यावर आहे. ही चाचणी टाळू नका.

पावसात पेटीत शिरलेल्या मुंग्या आणि गंजलेली टर्मिनल साफ करून घ्या, पण सगळे पुरवठे बंद करूनच. ऑक्टोबरच्या गडगडाटानंतर सर्ज प्रोटेक्टरची (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून उपकरणे वाचवणाऱ्या भागाची) खिडकी हिरवी आहे ना बघा. लाल झाली असेल तर तो बदला. अर्थिंग आता मोजा आणि फेब्रुवारीत पुन्हा मोजा, कारण जांभा सुकला की त्याचा रोध वाढतो. वाढलेला दिसला तर अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घाला.