त्रैक्य समजावायचंय? आधी पाण्याचं उदाहरण सोडा

त्रैक्य म्हणजे एकाच देवात तीन व्यक्ती, ही ख्रिश्चनांची शिकवण. कुणी विचारलं की ख्रिश्चनांचे देव तीन कसे, तर बहुतेक जण पटकन पाणी-बर्फ-वाफ सांगून मोकळे होतात, तेवढं टाळा. त्यातून एकच देव तीन वेश बदलतो असा अर्थ निघतो, आणि हे मत चर्चने फार पूर्वीच चुकीचं ठरवलंय.

सुरुवात साध्या वाक्याने करा, देव एकच पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती. मग बायबलमधलं मत्तय २८:१९ उघडून दाखवा, तिथे तिघांचा उल्लेख आहे पण मूळ ग्रीकमध्ये 'नाव' हा शब्द एकवचनी आहे, मला तर तिथेच क्लिक झालं. 'त्रैक्य' हा शब्द मात्र बायबलमध्ये शोधत बसू नका, तो नाहीये.

समोरचा म्हणालाच की येशूला नंतर चर्चच्या धर्मगुरूंच्या परिषदेत देव बनवलं, तर नीट सांगा, ३२५ साली निकिया शहरातल्या परिषदेत वाद होता तो एरियस नावाच्या धर्मगुरूच्या म्हणण्यावर, की पुत्र म्हणजे येशू हा देवाने निर्माण केलेला आहे, आणि परिषदेने ठरवलं की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा. येशूला प्रभू म्हणणं तर बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत या परिषदेच्या अडीचशे वर्षं आधीच सापडतं.

देव आहे याचा पुरावा काय, हा प्रश्न वेगळा, तो त्याच बैठकीत काढलात तर नुसता गोंधळ होतो.