युनियन काढताय? वर्गणीच्या या चुका टाळा

नवी युनियन काढणारी पोरं माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. "काका, नोंदणीला किती माणसं लागतात?" आणि "वकील कोण घ्यायचा?" पावतीपुस्तक कसं छापून घ्यायचं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी अठरा वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे माझं दुखणं तिथंच आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पावत्या मागाहून फाडणं. आमच्या शेजारच्या कारखान्यातल्या युनियनला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली मान्यता, म्हणजे कामगारांच्या वतीने मॅनेजमेंटशी बोलायचा हक्क, हवी होती. अट अशी की अर्जाआधीचे सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद हवेत, आणि त्या सहांपैकी तीन महिन्यांहून जास्त वर्गणी ज्याची थकली तो सभासद धरायचा नाही. माणसं खरोखर युनियनबरोबर होती. वर्गणी मात्र कुणी गोळाच केली नव्हती. मग सरचिटणीसाच्या घरी एका रात्रीत सहा महिन्यांच्या पावत्या लिहून झाल्या.

चौकशीत अधिकाऱ्याने पुस्तकं उघडली. सहाही महिने तेच अक्षर, तीच शाई. तेवढ्यावर कदाचित निभावलंही असतं. पण एका स्थळप्रतीवर ज्याची सही होती, तो त्या तारखेला पाय मोडून दवाखान्यात पडलेला. मॅनेजमेंटच्या वकिलाने हजेरीचं मस्टर नुसतं पुढे सरकवलं, बोलला काहीच नाही. अर्ज फेटाळला गेला. खऱ्या सभासदांची युनियन खोटी ठरली, कारण महिन्याला एक संध्याकाळ गेटवर उभं राहायला कुणाला सवड नव्हती.

आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कारखान्यात एकाहून जास्त युनियन असतील आणि वाटाघाटीचा हक्क एकटीलाच हवा असेल, तर मस्टरवरचे ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात. तेव्हा आळस आणखी महाग.

माझी पद्धत साधी होती. पगाराच्या दुसऱ्या दिवशी, शिफ्ट सुटताना, सायकल स्टँडजवळ दोघांनी उभं राहायचं. एकाने पैसे घ्यायचे, दुसऱ्याने लिहायचं. स्थळप्रतीवर सभासदाची सही, रात्री बेरीज, सकाळी बँक.

यावर पोरं म्हणतात, "एवढी कटकट कशाला? पगारातूनच कापून घेऊ." कामगाराने लेखी संमती दिली तर कायद्याने ते चालतं. पण नव्या युनियनने पहिली दोन वर्षं तरी त्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत. एक तर सभासदांची यादी आयती मॅनेजमेंटच्या हातात जाते आणि भांडण पेटलं की नळ बंद करणंही त्यांच्याच हातात. दुसरं म्हणजे, वर्गणी मागायला गेलं की शिव्या मिळतात. "कॅन्टीनचं काय केलंत? बूट कधी येणार?" मी तर म्हणेन, आमची खरी मीटिंग ती. पैसे परस्पर जमा व्हायला लागले की पुढाऱ्याचं कामगारांत फिरणं थांबतं. १९८२ च्या गिरणी संपात सगळ्यांनी पाहिलं: कायद्याने मान्यता असलेली युनियन एक, आणि लाखो कामगार दत्ता सामंतांच्या मागे.

एका हुशाराने मला सुनावलं होतं, "लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनकडे तरी कुठं निधी होता?" नव्हताच. मुंबईच्या गिरणी कामगारांची ती जुनी संघटना. सभासदांची यादीही नव्हती, तरी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. पण १८९७ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे गेले आणि ती संघटनाही फार टिकली नाही. शिवाय आपल्यात लोखंडे कोण, हेही त्याने सांगितलं नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. सरचिटणीसाच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड गेटवर चिकटवू नका, माणूस कितीही देवमाणूस असला तरी. खातं युनियनच्या नावावर, तिघांपैकी दोघांच्या सह्या. वर्षानुवर्षं वर्गणी न घेता करार झाल्यावर पगाराच्या फरकातून एकदम मोठी रक्कम कापायची, हा प्रकार मला वसुलीसारखा वाटतो. राजकीय खर्चाचा निधी वेगळा असतो आणि त्यात पैसे टाकायची सक्ती करता येत नाही. निबंधकाकडे जाणारा वार्षिक हिशेब नोटीस बोर्डावरही लावा. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना कमी वर्गणीत घ्या, पण घ्या.

आणि पावतीपुस्तकं क्रमांक छापलेलीच घ्या. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही. दोन तिरप्या रेघा मारून 'रद्द' लिहायचं आणि पुस्तकातच राहू द्यायची.