प्ले दाबायच्या आधी: आडवळणाचे सिनेमे भाड्याने घेताना आणि सुचवताना या चुका टाळा

जानेवारीच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा थोडे दिवस जगभरचे सिनेमे आपल्या दारात येतात. उरलेलं वर्षभर लातूर, परभणी, हिंगोलीतल्या माणसाला एखादा इराणी, कोरियन किंवा छोट्या बजेटचा मराठी सिनेमा पाहायचा असेल, तर मोबाइलवर नाहीतर टीव्हीवर भाड्यानं घेणं हाच मुख्य रस्ता. तसं भाडं आपल्याला नवीन नाही. एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणायचा, सोबत तीन कॅसेट, त्यात एखादी भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंची, हा कार्यक्रम गल्लोगल्ली व्हायचा. फरक एवढाच की तेव्हा काउंटरमागचा माणूस तोंड बघून कॅसेट द्यायचा. आता ते काम आपल्यातलंच कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर करतं, आणि दुसऱ्या दिवशी ‘बकवास निघाला’ असा मेसेज येतो. अशा वेळी मी आधी विचारतो, की नेमका कोणता लावला, कसा लावला आणि कुणी सांगितला. खोट बहुतेक वेळा तिथंच सापडते.

नुसतं नाव सांगणं

‘नोस्फेरातू बघ, भारी आहे.’ एवढ्यावर समोरच्यानं काय शोधायचं? मुर्नाऊचा १९२२ चा मूकपट, हेर्झोगचा १९७९ चा, की रॉबर्ट एगर्सचा २०२४ चा? तिन्ही पाहण्यासारखे आहेत, पण तीन वेगळ्या माणसांसाठी आहेत. जपानी ‘रिंगू’ १९९८ चा, त्यावरून हॉलिवूडनं केलेला ‘द रिंग’ २००२ चा. घाईत शोधलं की नको तोच हाती लागतो. मायकेल हानेकेनं तर स्वतःचाच ‘फनी गेम्स’ १९९७ मध्ये जर्मनमध्ये आणि २००७ मध्ये इंग्रजीत जवळजवळ जसाच्या तसा केला. आपल्याकडं विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ (२०१७) आणि त्यानंच हिंदीत केलेला ‘छोरी’ (२०२१) यांच्यातही असाच गोंधळ होतो.

नाव, साल, भाषा, दिग्दर्शक एका ओळीत बसतात. तेवढं टाइप करायचा कंटाळा असेल तर सिनेमा सुचवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घेणाऱ्यानं आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे लांबी. ‘मिडसोमर’ हा भयपट थिएटरमध्ये लागला तो १४७ मिनिटांचा, दिग्दर्शकाची आवृत्ती १७१ मिनिटांची. सुचवणाऱ्यानं एक पाहिलेला आणि तुम्ही दुसरा, मग चर्चेत कुणाचंच कुणाला कळत नाही. मूकपटांचं तर विचारूच नका. ते वेगवेगळ्या वेगानं चालवले जातात, त्यामुळं एकाच सिनेमाच्या दोन प्रतींच्या लांबीत बराच फरक पडतो. आणि १९२२ च्या सिनेमाला भाडं मोजायच्या आधी जरा थांबा. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनापासून ६० वर्षांचा असतो, म्हणजे मूळ सिनेमा कधीच मोकळा झालाय. पैसे द्यायचेच तर नीट साफसफाई केलेल्या, नवं संगीत लावलेल्या प्रतीला द्या. धुरकट, कुठलंही पियानो चिकटवलेली प्रत फुकटही महागच पडते.

‘चालतो का बघू’ म्हणून प्ले दाबणं

ही चूक सगळ्यात जास्त घडते. यूट्यूब, प्राइम व्हिडिओ अशा ठिकाणी भाड्याचा हिशोब साधारण असा असतो: पैसे भरल्यावर सुरू करायला ३० दिवस, आणि एकदा सुरू केला की ४८ तास. घड्याळ प्ले दाबल्या क्षणी चालू होतं. शुक्रवारी दुपारी भाडं भरलं, चालतो का म्हणून एक मिनिट लावून पाहिला, रविवारी रात्री सगळ्यांना जमवलं आणि स्क्रीनवर पुन्हा भाडं भरायचं बटण. परतावाही बहुतेक ठिकाणी पाहायला सुरुवात करण्याआधीच मागता येतो. चालतो का हे बघायचंच असेल तर त्याच ॲपवर ट्रेलर लावा.

आपल्याकडं त्यात लाइटीची भर. मे महिन्यात वळवाचं आभाळ आलं की आधी वारं सुटतं आणि मग लाइट जाते, ती कधी येईल हे महावितरणलाही सांगता येत नाही. घड्याळाला त्याच्याशी घेणंदेणं नसतं. म्हणून दोन तजविजी करून ठेवा. इन्व्हर्टरवर टीव्ही नसला तरी राउटर जरूर घ्या, आणि भाड्याचा सिनेमा सुरू करण्याआधीच फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. डाउनलोड करणं म्हणजे सुरू करणं नव्हे, पण ॲपची सूचना एकदा वाचलेली बरी. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर एचडी सिनेमा पुरा होईल या भरवशावरही राहू नका. नेटफ्लिक्स स्वतःच एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो असं सांगतं. इतरांचा आकडा थोडाफार वेगळा असेल, पण पॅक मध्यंतरालाच संपायचा.

टीव्हीवर नुसता आवाज, चित्र काळं

फोनची स्क्रीन जशीच्या तशी टीव्हीवर मिरर केली की भाड्याचा सिनेमा पुष्कळदा काळा दिसतो. फोन बिघडलेला नाही, टीव्हीही नाही. कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप आहे ते. मिररिंग सोडा. ॲपमधलं कास्टचं चिन्ह दाबा, किंवा टीव्हीवर तेच ॲप उघडून त्याच खात्यानं लॉगिन करा. लॅपटॉपवरून जुन्या प्रोजेक्टरला एचडीएमआय केबल लावल्यावर असं झालं, तर मधला स्वस्तातला स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा डबा) काढून पाहा, बऱ्याचदा तोच आडवा येतो.

एचडीचं भाडं भरूनही फोनवर चित्र मातकट दिसतंय? फोनमध्ये वाइडवाइन एल१ आहे का ते बघा. वाइडवाइन म्हणजे कॉपी रोखणारं तेच कुलूप, आणि एल१ ही त्याची वरची पातळी. नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशनखाली ते लिहिलेलं सापडतं. तिथं एल३ दिसलं तर त्या फोनवर एचडीची आशा सोडा आणि कमी पैशातलं एसडी, म्हणजे कमी स्पष्टतेचं, घ्या.

कुलर लावून भयपट

भयपट शांततेवर चालतो. दहा मिनिटं कुजबुज, दाराची कुरकुर, आणि मग एकदम दणका. उन्हाळ्यात लोखंडी कुलर खिडकीत धडधडत असतो, कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज चाळीसवर नेतो, आणि दणका येतो तेव्हा शेजारचे काका दार वाजवतात. यात भीती कुठं उरली? टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा तसंच काही असेल तर ते लावा, मोठा आणि लहान आवाज यातलं अंतर कमी होतं. बोलणंच दबलं जात असेल तर ऑडिओमध्ये ५.१ (बऱ्याच स्पीकरसाठी केलेला आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरचा) निवडा. टीव्हीला दोनच स्पीकर असताना संवाद मधल्या स्पीकरच्या वाट्याला गेलेले असतात, तो स्पीकर तुमच्याकडं नाही. हेही नको असेल तर सरळ हेडफोन लावा. किंवा मृगाची वाट बघा, मी तर चांगले भयपट पावसाळ्यासाठीच राखून ठेवतो.

चित्राचंही तसंच. दुकानातून टीव्ही घरी येतो तो ‘विविड’ मोडवर, कारण दुकानाच्या झगझगाटात तोच उठून दिसतो. त्यात रंग भडकतात. अंधारातला माणूस दिसतच नाही, नाहीतर दिग्दर्शकानं लपवलेलं सगळं करडं होऊन उघडं पडतं. सेटिंगमध्ये जाऊन सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड निवडा. मग मोशन स्मूदिंग बंद करा. एलजीमध्ये त्याचं नाव ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. ते चालू असलं की लाखमोलाचा सिनेमा सासू-सुनेच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. आणि ट्यूबलाइट बंद करा हो. काळ्या दृश्यात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसायला लागलं तर कुणाला घाबरायचं?

भाषेची खिडकी न उघडणं

कोरियन सिनेमा लावला आणि तो थेट हिंदीत बोलायला लागला, तर ॲपनं आपल्या मनानं डबिंग निवडलेलं असतं. भाषेच्या खिडकीत जाऊन मूळ भाषा आणि सबटायटल निवडा. घरातल्या ज्या आजीला अक्षरं वाचायला जड जातं तिच्यासाठी डबिंगच बरं, त्यात कमीपणा काही नाही. पण सुचवताना सांगा, की मूळ भाषेत पाहिलाय की डब केलेला.

सबटायटलमध्येही एक गोम आहे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेल्या सबटायटलमध्ये आवाजही लिहिलेले असतात. भयपटात पडद्यावर काही व्हायच्या आधीच खाली ‘पावलांचा आवाज’ उमटतं आणि सगळं मुसळ केरात. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती सोय मोलाची आहे. इतरांनी यादीत साधी सबटायटल वेगळी दिली आहेत का ते शोधावं.

माणूस न बघता सिनेमा देणं

‘अर्धा तास झाला, माणूस नुसता चालायलाय. भूत कव्हा येणार?’ ग्रुपवर असा मेसेज आला की समजावं, सुचवणाऱ्यानं न विचारताच सुचवलंय. भयपट म्हटलं की कुणाला दचकायचं असतं, कुणाला रक्त पाहायचं असतं, तर कुणाला आठवडाभर मनात घर करणारी हळू अस्वस्थता हवी असते. मी तर आवडता सिनेमा विचारतच नाही, कारण सगळे तीच ठरलेली चार नावं सांगतात. शेवटचा अर्धवट सोडलेला कोणता आणि का सोडला, हे विचारलं की माणूस कळतो. कुणासोबत पाहणार, हेही विचारा. एकटा पाहायचा सिनेमा पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत लावला की त्याचा तमाशा होतो.

‘शेवट बघच, उडशील!’ हा मेसेजही बंद करा. शेवटी काहीतरी उलटणार हे कळलं की माणूस पहिल्या मिनिटापासून गुप्तहेर होतो.

पण काही वेळा थोडं सांगावंच लागतं. ‘लपाछपी’ घ्या. उसाच्या फडाच्या मधोमध एक घर आणि त्यात गरोदर बाई. रात्रीच्या लाइटीत उसाला दारं धरलेल्या माणसाला त्या सळसळीची भीती समजावून सांगावी लागत नाही, म्हणून आपल्या भागात हा सिनेमा मी हमखास सुचवतो. मात्र त्याच्या मुळाशी मुलींना जन्माला न येऊ देण्याचा विषय आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. तिथल्या कुणाला तो नुसता भुताचा सिनेमा वाटणार नाही. घरात कुणी गरोदर असेल किंवा नुकतंच काही सोसलं असेल, तर विषय आधी सांगून टाका, गंमत थोडी कमी झाली तरी चालेल. लहान मुलं असतील तर वयाचा शिक्का बघा. ओटीटीवर यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी असते, शेजारी हिंसा की भीती हेही लिहिलेलं असतं.

पुरस्कारांची यादी म्हणजे शिफारस नव्हे, आणि ती यादीही लोक चुकीची देतात. ‘ऑस्करला गेलेला’ हे शब्द ऐकले की मी सावध होतो. चैतन्य ताम्हाणेचा मराठी ‘कोर्ट’ ही ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होती, त्याला नामांकन मिळालं नव्हतं. व्हेनिसला २०१४ मध्ये त्यानं दोन पुरस्कार मिळवले, ते मात्र कुणी सांगत नाही. गल्ल्यावरूनही पारख करू नका. ‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये लागला तेव्हा बेताचाच चालला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला.

पैशाच्या छोट्या गळत्या

भाडं भरण्याआधी जस्टवॉचवर, म्हणजे कोणता सिनेमा कोणत्या ॲपवर आहे ते सांगणाऱ्या साइटवर, नाव टाकून बघा. आपण ज्याचे पैसे आधीच भरतोय त्याच ॲपवर तो सिनेमा पडलेला असतो, असं बरेचदा होतं. एका सिनेमासाठी सात दिवसांचं मोफत चॅनल घेतलं तर त्याच दिवशी यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे बंद करा. टेलिग्रामवरच्या लिंकचं काय सांगायचं? चित्रावर सट्ट्याच्या जाहिराती आणि फोनमध्ये भलतंच ॲप. शिवाय छोट्या निर्मात्याच्या ताटातला घास जातो तो वेगळाच.

भाड्याचा सिनेमा हॉलमध्ये लावणं

कॉलेजात फिल्म क्लब काढायचा उत्साह चांगला आहे, पण घरी पाहायला घेतलेलं भाडं सभागृहातल्या खेळाला चालत नाही. त्यासाठी सहसा हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते, तिकीट नसलं तरीही. मोठ्या कंपन्यांकडून उत्तर येईलच असं नाही. स्वतंत्र दिग्दर्शकाला मात्र सरळ मेल करा. अंबाजोगाईत किंवा उदगीरला साठ-सत्तर पोरं आपला सिनेमा बघायला बसणार म्हटल्यावर तो परवानगी देण्याची शक्यता बरीच असते, कधीकधी फाइलही स्वतःच पाठवतो. फिल्म सोसायटी रीतसर नोंदवायची असेल तर १९५९ पासून चालत आलेली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया आहे. परवानगीच्या मेलमध्ये तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक आणि तिकीट आहे की नाही हे चारही लिहा. आणि फाइल आली की आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर, त्याच लॅपटॉपवरून, सबटायटलसकट दहा मिनिटं चालवून बघा. मराठी सबटायटल असतील तर मुद्दाम बघा, कारण जुन्या प्लेयरमध्ये जोडाक्षरं फुटतात.