शून्याची पट शून्यच: मागचं डिफरेन्शियल बदललं

मिशिगनमधलं हॉटन, हिवाळ्यात एकूण ५ मीटरच्या आसपास बर्फ. माझी ऑल-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कार घरासमोरच्या चढावर रुतायची. मागचं एक चाक गरगर, दुसरं ढिम्म. मागचं डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा भाग, टॉर्सन या गिअरवाल्या प्रकाराचं होतं. ते घसरणाऱ्या चाकाच्या टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) काही पटच दुसऱ्याला देतं, आणि शून्याची पट शून्यच! ब्रेक हलका दाबून घसरणारं चाक थोडं अडवायचं, असं कसंबसं निभावलं.

शेवटी क्लच-प्लेटचं एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल, एका चाकाला मोकळं गरगरू न देणारं) बसवलं. त्यातल्या स्प्रिंगा प्लेटा आधीच दाबून धरतात, म्हणून एक चाक अधांतरी असलं तरी दुसरं ओढतं. तेल मात्र एलएसडीचंच हवं. मी साधं भरलं, तर वळताना मागून कुरकुर. तेल बदललं, रिकाम्या पार्किंगमध्ये गाडीने आठाचे आकडे गिरवून प्लेटा रुळवल्या. बायको म्हणाली, "एवढ्या पैशांत दहा फावडी आली असती." फावडं अजून डिकीत आहेच.